नारिंगी दोऱ्याचा कोट

ठिगळीला आयुष्यातला पहिला कोरा करकरीत कपडा मिळाला तो चोविसाव्या वर्षी, आणि तोही गणवेश निघाला. काळा शर्ट, काळी पँट, छातीवर दुकानाचं नाव. कपड्यांच्या चार मजली दुकानात तिसऱ्या मजल्यावरच्या ट्रायल रूमपाशी तिला नोकरी लागली होती. घरी येऊन तिने शर्ट आईसमोर धरला. आईने ओले हात पुसले, शर्ट नाकाशी नेला, नव्या कापडाचा वास घेतला आणि म्हणाली, "छान आहे गं."

ठिगळीने शर्ट उलटा केला आणि काखेतली शिवण बोटांनी चाचपली. "मुंढा आखूड आहे. हात वर केला की पोट उघडं पडणार."

"अगं, नवा आहे तो!"

"नवा आहे म्हणून हात वर करायचा नाही का?"

आईने शर्टाची घडी घातली. या मुलीशी कपड्यांवरून वाद घालायचा नाही, हे ती कधीच शिकली होती.

ठिगळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते शाळेत पडलं, आणि कसं पडलं हे सांगायचं तर मावशीच्या पिशवीपासून सुरुवात करायला हवी.

ठिगळी चार वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. त्यांच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे, तेव्हा आपणही नको. आई एका लाँड्रीत इस्त्री करायची. दिवसभर लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढायच्या आणि स्वतः दोन करडे झगे आलटून पालटून घालायचे, असं तिचं चाललं होतं. मावशीचं मात्र बरं चाललं होतं. वर्षातून दोनदा ती फुगलेली पिशवी घेऊन यायची आणि पिशवी खाली टेकायच्या आत सुरू करायची, "दोनदाच घातलेत गं. आमची पोरगी वाढतेच अशी भराभर, काय करणार!"

कपडे मावसबहिणीचे असत. ती उंच, शिडशिडीत. ठिगळी बुटकी आणि खांद्यांनी रुंद. त्यामुळे प्रत्येक फ्रॉक वर अडकायचा आणि खाली लोळायचा. आई खांद्याला उसवायची, खाली दुमड घालायची आणि म्हणायची, "मावशीला थँक्यू म्हण." ठिगळी म्हणायची. जितके कपडे तितके थँक्यू.

ती तेरा वर्षांची असताना मावशीकडे पाहुणे जमले होते. आईने तिला पिवळा फ्रॉक घालून नेलं. मावसबहिणीच्या दहा-बारा मैत्रिणी गच्चीवर होत्या. मावसबहिणीने तिला पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "हा माझा आहे. खोटं वाटतं? पोटावर बघा, शाईचा डाग असेल. माझं पेन फुटलं होतं."

मुली वाकून वाकून डाग बघायला लागल्या. एकीने तर बोट लावून पाहिलं. ठिगळी हलली नाही. मावसबहीण खोटं बोलत नव्हती, आणि तेच तिला जास्त लागलं. तिथे भांडायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी आई कामावर गेल्यावर तिने तो फ्रॉक काढला आणि कात्री घेतली. पोरीने रागाच्या भरात फ्रॉक कापला, असं पुढे सगळे सांगत सुटले. तसं नव्हतं. राग होता, पण कापायच्या आधी तिने तो उसवला. एकेक टाका, टाचणीच्या टोकाने. दुपार कलेपर्यंत फ्रॉकचे अकरा तुकडे जमिनीवर पसरले होते. बाही सपाट केली की डोंगरासारखी दिसते, हे तिला त्या दिवशी कळलं. गळ्याच्या आत एक गुपचूप पट्टी असते, तीही दिसली. जो कपडा अंगावर आला की तिची मान खाली जायची, त्याचं सगळं बिंग तिच्यासमोर उघडं पडलं होतं, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

तुकडे घेऊन ती शेजारच्या उशीवाल्या काकूंकडे गेली. काकू हॉटेलांसाठी उशांचे अभ्रे शिवायच्या, महिन्याला शेकड्यांनी. त्यांच्या पायमशीनवर अभ्र्यांखेरीज काहीच शिवलं गेलं नव्हतं. "सरळ शिलाई म्हणशील तर डोळे मिटून मारते," त्या म्हणाल्या. "वळणाचं मला विचारू नकोस. वळण आलं की माझी मशीन आणि मी, दोघी अडतो."

मग वळणं ठिगळीने हाताने शिवली आणि सरळ टिपा काकूंनी मारल्या. फ्रॉकमधून एक जाकीट निघालं. खांदे तिच्या मापाचे, लांबी कमरेपर्यंत. आणि शाईचा डाग? तो तिने छातीवर बरोबर मध्यभागी आणला होता. त्याच्याभोवती लाल दोऱ्याने एक गोल काढला होता, त्याबाहेर दुसरा, त्याबाहेर तिसरा. चार हातांवरून आधी डागच दिसायचा.

मावशी पुढच्या वेळी आली तेव्हा ठिगळीने तेच जाकीट घातलं होतं. मावशीला ओळखायला जरा वेळ लागला. ओळखलं तशी ती खुर्चीतून उठलीच.

"एवढा महागाचा फ्रॉक! चिंध्या केल्यास?"

"मावशी, तू दिलास ना तो मला?"

"दिला म्हणजे? घालायला दिला होता!"

"घातलाय की," ठिगळी म्हणाली आणि दोन्ही हात पसरून गोल फिरली.

मावशी पिशवी न उघडताच परत घेऊन गेली. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता काय घालशील? तेवढा एक आधार होता."

"बघू," ठिगळी म्हणाली. बघण्यासारखं काहीच नव्हतं, तरी म्हणाली.

शाळेत एक दिवस गणवेशाला सुट्टी होती. ती जाकीट घालून गेली आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ए ठिगळी!" सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या दप्तरावर खरोखरच एक ठिगळ शिवलेलं होतं, तळहाताएवढं, लालभडक. दप्तर कुठे फाटलं नव्हतं. उगीच लावलं होतं. नाकावर टिच्चून म्हणतात ना, तसं. आठवड्याभरात चिडवण्याची मजा गेली आणि नाव तेवढं उरलं.

कपड्यांचा प्रश्न मात्र खरा होता. तो तिने आठवड्याच्या बाजारात सोडवला. शेवटच्या गल्लीत जुन्या कपड्यांचे ढीग लागत. तिथे काहीही चहाच्या दोन कपांच्या भावात मिळायचं, पण मिळायला नजर हवी. नजर म्हणण्यापेक्षा बोटं हवीत. लोक रंग बघून कपडा उचलत. ठिगळी ढिगात हात घालून डोळे दुसरीकडे ठेवायची. सुती आहे की नुसता तसा दिसतोय, धुऊन विरलाय की अजून दम आहे, हे बोटांना आधी कळतं. पुरुषांचे मोठ्या मापाचे शर्ट ती हटकून घ्यायची, कारण त्यांत कापड भरपूर. पडदे घ्यायची. कोट फाटका असला तरी अस्तरासाठी घ्यायची.

आणि फॅशन? ती रस्त्यावर फुकट बघायला मिळायची. मोठ्या दुकानांच्या काचेपुढे ती वही घेऊन उभी राहायची आणि पुतळ्यांच्या अंगावरचे कपडे उतरवून घ्यायची. एका वर्षी घेरदार पँटींची लाट आली. तिने दोन जुन्या पँटींची मिळून एक केली. कॉलेजच्या जिन्यात ती मागून टरकन उसवली. स्वेटर कमरेला बांधून ती तासाला बसली, घरी जाऊन दुहेरी टीप मारली आणि दुसऱ्या दिवशी तीच पँट घालून त्याच जिन्याने वर गेली. पुढच्या वर्षी फुगीर बाह्या आल्या. तिने एका फुलाफुलांच्या पडद्याचा झगा शिवला. आईने तिला पाहिलं आणि तोंडावर हात धरला. "रागावू नकोस. पण खुर्चीच्या कव्हरासारखी दिसतेस."

हट्टाने तिने तो आठवडाभर घातला. मग एकदा आरशासमोर उभी राहून स्वतःशीच कबूल केलं, की आई खरं बोलली. फॅशन आली म्हणून ती आपल्याला शोभलीच पाहिजे, असं कुणी सांगितलं होतं? तिने वहीचं नवं पान उघडलं आणि पुतळे सोडून स्वतःला काय आवडतं ते लिहून काढलं. उभी कॉलर. कोपरापर्यंत बाही. मूठ आत जाऊन फिरेल एवढा खिसा. आणि दोरा दिसला पाहिजे. लोक कापडाच्या रंगाला जुळणारा दोरा शोधत हिंडतात; तिला न जुळणारा हवा होता. उशीवाल्या काकूंकडे नारिंगी दोऱ्याचं एक अख्खं मोठं रीळ पडून होतं. कुठल्याच हॉटेलला नारिंगी नको होता. काकूंनी ते तिला देऊन टाकलं. त्या दिवसापासून ठिगळीच्या प्रत्येक कपड्यावर नारिंगी टाके दिसायला लागले, लांब, जाड, न लाजणारे. गल्लीच्या टोकावरून बघणाराही सांगायचा, ती बघा आली.

तर अशी ही मुलगी काळा शर्ट घालून ट्रायल रूमपाशी उभी राहिली. काम सोपं होतं. आत जाणाऱ्याचे कपडे मोजायचे, तेवढ्या आकड्याचं प्लास्टिकचा बिल्ला द्यायचा, बाहेर आलेले कपडे परत हँगरला लावायचे. तिथे तिला एक गोष्ट रोज ऐकू यायची. पडद्यामागून उसासे यायचे. बायका बाहेर येऊन म्हणायच्या, माझं पोटच सुटलंय, माझे दंडच जाड आहेत, मला काही शोभतच नाही. कपडा वाईट आहे असं कुणी म्हणत नसे.

एकदा पन्नाशीच्या एक बाई बराच वेळ आत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. "चार बघितले," त्या म्हणाल्या. "माझं अंगच वेडंवाकडं आहे."

ठिगळीने तो ब्लाऊज उलटा करून त्यांना दाखवला. "अंग अगदी बरोबर आहे तुमचं. हे बघा, इथे मुंढा तोकडा कापलाय आणि शिवणीत उसवून वाढवायला मायाच सोडलेली नाही. कापड त्यांनी वाचवलं आणि दोष तुम्ही स्वतःला देताय."

बाईंनी शिवण बघितली, मग ठिगळीकडे बघितलं. काही न घेता निघून गेल्या, पण जाताना मान वर होती.

मॅनेजरने ते ऐकलं होतं. वयाने तिच्याहून लहानच, पण सगळ्यांना अरे-तुरे करायचा. "आपण इथे कपडे विकतो," तो म्हणाला. "शिवणाचा क्लास नाही चालवत."

"हो सर," ठिगळी म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून तेच हळू आवाजात सांगायला लागली.

अशी सहा वर्षं गेली. मग एका मोसमाच्या शेवटी तिला मागच्या गोदामात काम दिलं गेलं. तिथे न खपलेले, परत आलेले, बारीकसा दोष असलेले कपडे पेट्यांमध्ये भरलेले होते. मॅनेजरने तिच्या हातात मोठी कात्री दिली.

"प्रत्येकाला समोरून एक लांब काप द्यायचा. मग कचऱ्यात."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "फाडायचे?"

"कुणाला घालता येता कामा नयेत. फुकट मिळायला लागले तर विकत कोण घेईल? कंपनीचा नियम आहे."

तिने वरचा कपडा उचलला. हिरवा लोकरी कोट, गुडघ्यापर्यंत लांब, आतून चांगलं दाट अस्तर. तिने तो चारी बाजूंनी पाहिला. एक बटण नव्हतं. बस, एवढंच.

"सर, बटण मी आत्ता लावून देते. दोन मिनिटांचं काम आहे."

"काप."

तिने कापला. नोकरी होती, घरी आई होती, आईचे गुडघे दुखायला लागले होते. त्या दुपारी आणि दुसऱ्या दुपारी मिळून तिने दोनशेवर कपडे कापले. घरी येऊन आईला म्हणाली, "आज मी कसाई झाले." आईला ते हसू येण्यासारखं वाटलं, पण मुलीचा चेहरा बघून ती हसली नाही.

तिसऱ्या दिवशी ठिगळी मॅनेजरकडे गेली. "सर, त्या चिंध्या मी नेऊ का?"

तो हसला. "चिंध्या? ने बाई, खुशाल ने. तेवढाच उचलायचा त्रास वाचेल."

दारावर पहारेकरी प्रत्येकाची पिशवी तपासायचा, म्हणून तिने मॅनेजरकडून चिठ्ठी लिहून घेतली: फाडलेल्या कपड्यांच्या चिंध्या, दोन पिशव्या. खाली सही. ती चिठ्ठी तिने जपून ठेवली.

हिरव्या कोटाला खांद्यापासून कमरेपर्यंत तिने स्वतःच्या हाताने दिलेला काप होता. तो रफू करून लपवता आला असता. उशीवाल्या काकूंनी तसं सुचवलंही. ठिगळीने मान हलवली. तिने कापाच्या दोन्ही कडा जवळ आणल्या, आतून अस्तराचा आधार दिला आणि वरून नारिंगी दोऱ्याने शिवल्या, बोटभर लांबीचे टाके, एकाशेजारी एक. डाव्या बाहीला दुसऱ्या फाडलेल्या कपड्याचा करडा तुकडा लावला. खिसे मोठे केले, कॉलर उभी केली. जिथे बटण नव्हतं तिथे तिने नवं लावलंच नाही. नारिंगी दोऱ्याची वळलेली एक गुंडी बसवली. कोट पुरा व्हायला महिना लागला. घालून ती रस्त्यावर निघाली तेव्हा समोरून येणारा माणूस वाट सोडून बाजूला झाला, एवढा त्या कोटाचा दरारा होता.

कामावर येताना ती तो घालायची आणि काढून कपाटात ठेवायची. पहिल्यांदा कॅशवरच्या मुलीने विचारलं, मग तिच्या मैत्रिणीने. जेवायच्या सुट्टीत तिघी-चौघी जमायला लागल्या. डबे आवरले की पिशव्यांमधून तुकडे निघायचे. कुणी स्कर्ट जोडला, कुणी पिशवीच केली. त्या खोलीत इतकं हसणं पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं.

आणि मग घडायचं ते घडलं. सुट्टीच्या दिवशी ठिगळी पगाराची पावती न्यायला कोट घालून दुकानात आली. पाठोपाठ एक गिऱ्हाईक काउंटरवर गेलं आणि म्हणालं, "त्या बाईंनी घातलाय तसा कोट कितव्या मजल्यावर आहे?" नेमक्या त्या दिवशी मुख्य कार्यालयातल्या मोठ्या बाई पाहणीला आल्या होत्या आणि काउंटरपाशीच उभ्या होत्या.

ठिगळीला वर केबिनमध्ये बोलावलं. मोठ्या बाई खुर्चीत, मॅनेजर भिंतीला टेकून.

"हा कोट आमचा आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"होता, मॅडम."

"तुम्ही तो चोरलात."

ठिगळीने चिठ्ठी टेबलावर ठेवली. मोठ्या बाईंनी ती वाचली आणि मॅनेजरकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. 

"ठीक आहे, चोरी नव्हे," बाई जरा नरमून म्हणाल्या. "पण आमचा माल अशा अवस्थेत कुणाच्या अंगावर दिसणं आम्हाला शोभत नाही. तुम्ही दिलगिरीचं पत्र लिहून द्या आणि कोट जमा करा. विषय संपला."

"जमा करून काय करणार त्याचं?"

"नष्ट करणार."

"परत?" ठिगळी म्हणाली.

मोठ्या बाईंनी चिठ्ठी उलटी करून टेबलावर ठेवली.

"मॅडम, एकदा मी तो तुमच्या सांगण्यावरून फाडला. त्याची शरम मला अजून आहे. दुसऱ्यांदा नाही फाडू देणार. आणि दिलगिरी लिहायचीच असेल तर कोटाला लिहीन, तुम्हाला नाही."

"नोकरीचा विचार करा."

"केला," ती म्हणाली. खरं तर केला नव्हता.  पण आता माघार घ्यायची तर कोट काढून टेबलावर ठेवावा लागणार होता, आणि तिचे हात काही बटणांकडे जाईनात. ती जिन्याने खाली आली, तिन्ही मजले, भर गिऱ्हाइकांतून, कोट घालून.

घरी आईला सांगताना मात्र तिला रडू आलं. आई ऐकत राहिली. आयुष्यभर मान खाली घालून दुसऱ्यांनी दिलेलं घेत आलेल्या त्या बाईने तेव्हा एक गोष्ट केली जी तिने कधी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लाँड्रीच्या मालकिणीसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इथे येणाऱ्या दर दहा कपड्यांत एक उसवलेला असतो. तो आपण तसाच परत देतो. एक खिडकी उघडा, माझी मुलगी दुरुस्त करून देईल. उपकार म्हणून नका करू. चालेल असं वाटलं तरच करा."

मालकिणीला चालेल असं वाटलं. पगार दुकानापेक्षा कमी होता आणि वाफेने जीव नकोसा व्हायचा. पण खिडकीत बसताना काय घालायचं हे कुणी सांगत नव्हतं. पलीकडे आईचं इस्त्रीचं टेबल, अलीकडे ठिगळीची मशीन. सुटलेली शिवण, गेलेलं बटण, घासलेलं कोपर. कुणी म्हणालं दिसणार नाही असं शिवा, तर ती तसं शिवून द्यायची. कुणी काही बोललं नाही, तर विचारायची, "दिसू देऊ का?" निम्मे लोक हो म्हणायचे.

वर्ष-दीड वर्ष गेलं. एका संध्याकाळी ती त्याच चार मजली दुकानावरून जात होती आणि काचेपुढे थबकली. आतल्या पाच पुतळ्यांच्या अंगावर पाच कोट होते. प्रत्येकाच्या खांद्यापासून कमरेपर्यंत नारिंगी टाके.

ती आत गेली. कोट घेतला, ट्रायल रूमपाशी बिल्ला घेतला, पडद्याआड कोट उलटा केला. टाक्यांच्या खाली काप नव्हताच. अखंड कापडावर मशीनने नारिंगी रेघोट्या ओढल्या होत्या. मुंढा नेहमीप्रमाणे तोकडा होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन तिने आईला सांगितलं, काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "तू आता दोरा बदल. नाहीतर लोक म्हणतील, तूच त्यांची नक्कल केलीस."

"ते पुढच्या मोसमात नारिंगी सोडून देतील," ठिगळी म्हणाली. "मी का सोडू? मी काही मोसम नाही."

काकूंचं भाकीत मात्र खरं ठरलं. त्याच महिन्यात एक तरुण बाई तो विकतचा कोट घेऊन दुरुस्तीच्या खिडकीशी आली. नारिंगी दोरा सुटून लोंबत होता. "हा धागा सगळीकडे अडकतो. काही करता येईल?" एवढं म्हणताना तिची नजर खुंटीवरच्या हिरव्या कोटाकडे गेली. "अय्या, तुम्ही घरीच केलात? किती हुबेहूब जमलाय!"

ठिगळी तोंड उघडणार तेवढ्यात मागे इस्त्री धाडकन आदळली.

"हुबेहूब नाही, बाई," आई म्हणाली. तिचा आवाज इतका चढलेला ठिगळीने आयुष्यात ऐकला नव्हता. "तिचा आधीचा आहे. तुमचा त्याच्यावरून काढलाय. आणि नीट काढताही आला नाही त्यांना."

बाई गोंधळली. ठिगळीने तिच्या कोटाचा सुटलेला दोरा हळूच ओढून काढला. खाली साफ, धडधाकट कापड होतं.

"हे तर फाटलेलंच नाही," बाई म्हणाली.

"नाहीच."

"मग शिवलंय कशाला?"

"तेच मी त्यांना विचारणार होते," ठिगळी म्हणाली, आणि तिला एकदम हसू फुटलं. बाईही हसली. आईने इस्त्री उचलून परत कामाला लावली, पण कान तिकडेच.

"मला माझा काहीतरी वेगळा करून द्याल?" बाईने विचारलं.

"करून देणार नाही. रविवारी लाँड्री बंद असते, तेव्हा या. कात्री मी देते. कापायचं तुम्ही."

त्या रविवारी ती एकटीच आली आणि कात्री हातात घेऊन पाव तास नुसती बसली. कापल्यावर म्हणाली, "किती मोकळं वाटलं!" पुढच्या रविवारी बहिणीला घेऊन आली. मग दुकानातली कॅशवरची मुलगी आली. मग ज्यांना कुठलाच तयार कपडा बसत नाही असे लोक येत गेले: अति उंच, अति जाड, एक हात अधू असलेला पोस्टमन, ज्याने आपली डावी बाही स्वतः बेतली आणि तिच्यावर पत्रपेटीसारखा लाल खिसा लावला. इस्त्रीच्या टेबलांवर कापड पसरलं जायचं. ठिगळी टेबलांमधून फिरायची. कुणी दुसऱ्याचं बघून करायला लागलं की त्याच्यासमोरचा नमुना उचलून न्यायची. "हे त्याचं झालं. तुला काय हवंय?" काही जण चिडायचे. एक बाई रागाने निघून गेली आणि परत आलीच नाही. सगळ्यांनाच आपल्याला काय हवंय ते ठाऊक असतं असं नाही, आणि ते शोधायला लावणारी माणसं सगळ्यांना आवडतात असंही नाही.

तिसऱ्या वर्षी दुकानातून फोन आला. मॅनेजरच होता, आता अहो-जाहो करत. गिऱ्हाइकांना कपडे आपल्या आवडीप्रमाणे बदलून देणारा एक काउंटर दुकान उघडणार होतं. तिने तो सांभाळावा, पगार लाँड्रीच्या दुप्पट, अशी मोठ्या बाईंची इच्छा होती.

आई टेबलापलीकडून बघत होती. पगाराचा आकडा तिने ऐकला होता. पण तिने 'घे' अशी खूण केली नाही.

"एक विचारू, सर?" ठिगळी म्हणाली. "गोदामातले कपडे अजून फाडता?"

 "तो वेगळा विभाग आहे. त्याचा तुमच्या कामाशी काही संबंध येणार नाही."

"म्हणजे फाडता."

"नियम आहे, मॅडम."

"मग नाही जमणार."

"तुम्ही विचार करून..."

"या वेळी केलाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. खिडकीत एक गृहस्थ जॅकेटची अडकलेली चेन घेऊन मघापासून ताटकळत उभे होते. तिने हात पुढे केला. "आणा इकडे," म्हणाली. "ओढू नका, उगीच दात मोडतील तिचे."